कापसाचा पैसा आणि गिरणीचे भांडवल

पैसा आणि भांडवल हे दोन शब्द व्यवहारात बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत मोठे अंतर आहे. हाती आलेली रक्कम म्हणजे पैसा. तीच रक्कम यंत्रात, इमारतीत, कारागिराच्या कौशल्यात गुंतून वर्षानुवर्षे नवे उत्पन्न देऊ लागली म्हणजे तिचे भांडवल होते. विकसनशील देशाची प्रगती त्या देशात किती पैसा आला यावर नव्हे, तर त्यापैकी किती पैशाचे भांडवल झाले यावर अवलंबून असते. याचे प्रत्यंतर पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याचा इतिहास हेच सांगतो. आणि त्या इतिहासात जैन व्यापारी समाजाच्या कर्तृत्वाची पाने आहेत, तशी चुकांचीही आहेत.

पहिली गिरणी

त्या काळी हिंदुस्थानचा कापूस विलायतेस जात असे आणि त्याचेच कापड होऊन परत येत असे. हातमागावर पोट भरणारे विणकर देशोधडीस लागले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. रेल्वेचे भांडवल मुख्यतः इंग्लंडमधील होते आणि त्यावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. नफा झाला नाही तरी हिंदी रयतेच्या महसुलातून भागधारकांस व्याज मिळत असे. जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, असा तो करार होता.

अशा वेळी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली. भांडवल पाच लाख रुपये. भागधारक मुंबईतील सुमारे पन्नास व्यापारी. यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली आणि १८५६ साली ताडदेव येथे सूत निघू लागले. या गिरणीस कोणतीही सरकारी हमी नव्हती. येथे पैसा प्रथमच यंत्ररूपाने मुंबईच्या भूमीत रुजला. परंतु हे रोप मूळ धरते न धरते तोच सातासमुद्रापलीकडून एक वादळ आले.

कापसाची लाट

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. सर्वांचे डोळे हिंदुस्थानकडे लागले. ‘सुरती’ या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात दुय्यम गणल्या जाणाऱ्या कापसाचे भाव चौपटीच्या आसपास गेले. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, गुजरात येथून गाठींची रीघ मुंबईकडे लागली. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्याने देशावरील मालाची वाट अधिकच मोकळी झाली. लोकांनी गाद्या-उशांतील कापूसदेखील काढून विकला, असे सांगितले जाते. एरवी मिळाली असती त्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक या काळात मुंबईस मिळाले, असा त्या वेळचा अंदाज होता.

या संपत्तीच्या केंद्रस्थानी जे नाव होते, ते शेठ प्रेमचंद रायचंद यांचे. १८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाने इंग्रजी शिक्षण घेऊन दलालीचा व्यवसाय आरंभिला आणि तिशी ओलांडते वेळी ते कापूस आणि शेअर या दोन्ही बाजारांचे अनभिषिक्त राजे झाले. त्यांच्या एका शब्दावर बँकांची तिजोरी उघडत असे.

परंतु आलेला पैसा गेला कोठे? ताडदेवच्या गिरणीसारख्या दहा-वीस गिरण्या त्यातून सहज उभ्या राहिल्या असत्या. यंत्रे मागवून ती चालू होण्यास दोन-तीन वर्षे लागत, आणि शेअरचा भाव तर दुपारी घेतला की संध्याकाळी वाढत असे. तेव्हा बहुतेक पैसा कागदाकडे धावला. १८६४-६५ च्या सुमारास मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूभराव कंपन्या होत्या. यांतील सर्वांत गाजलेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात पोहोचला. समुद्र हटवून जमीन करण्याची कल्पना खोटी नव्हती. पण जमीन समुद्रातून वर येण्याआधीच तिची किंमत आकाशास भिडली होती. बँका शेअरच्या तारणावर कर्ज देत, त्या कर्जातून नवे शेअर घेतले जात आणि तेच पुन्हा तारण म्हणून ठेवले जात. हिशेबाच्या वहीत श्रीमंती वाढत होती; देशातील चात्या मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हत्या.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. वायद्याच्या असंख्य सौद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजी चुकता करावयाचा होता. त्या दिवशी घेणारा देऊ शकेना आणि देणाऱ्यास कोणी घेणारा मिळेना. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली की त्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. १८४० सालची प्रतिष्ठित बँक ऑफ बॉम्बे भांडवलाचा बहुतांश गमावून १८६८ मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. पोट भरण्यासाठी आलेले लोक परत गेले होते.

प्रेमचंद शेठही कोसळले. मात्र वैभवाच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी दोन-दोन लाख असे चार लाख रुपये दिले होते. मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ उभारलेला तो मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. १९०६ साली शेठजी निवर्तले. त्यांच्या हातून गेलेल्या कोट्यवधींचा मागमूस राहिला नाही. विद्येसाठी दिलेले चार लाख मात्र आजही उभे आहेत.

गावाकडील चोपड्या

या घटनेची शहरी बाजू सर्वांना ठाऊक आहे. गावाकडील बाजू सहसा सांगितली जात नाही. तेजीच्या काळात मुंबईचा पैसा आडत्यांमार्फत गावच्या सावकाराकडे आणि त्याच्याकडून शेतकऱ्याकडे उचल म्हणून जात होता. मंदी येताच वरून ओढ लागली. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी बाकी मागण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास सरकारने शेतसाराही वाढविला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. तो शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी होता. पण दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वाट त्यातून निघाली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना प्राण नको होते, कागद हवे होते. चोपड्या आणि रोखे त्यांनी जाळून टाकले. हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले आणि तीसहून अधिक गावांत पसरले. ज्यांच्या चोपड्या जळाल्या त्यांत मारवाडी आणि गुजर सावकार बहुसंख्य होते. त्यांत जैन कुटुंबेही होती. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगासमोर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण आले. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम या भूमीत पूर्वापार मान्य होता. तो मोडणारा परका नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तथापि पत मिळण्याचा दुसरा मार्ग नसल्याने शेतकऱ्याची सावकाराशी गाठ सुटली नाही. शेतीत विहीर, बैल, बांध यांवर खर्च झालेली उचल भांडवल ठरली असती. सारा भरण्यासाठी घेतलेली उचल केवळ ऋण राहिली.

गिरण्यांचा पाया

आश्चर्याची गोष्ट अशी की, देशी उद्योगाचा खरा पाया या पडझडीनंतर घातला गेला. पोळलेल्या व्यापाऱ्यांनी कागदाऐवजी यंत्राकडे लक्ष वळविले. १८७४ साली जमशेटजी टाटा यांनी पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन केली आणि कापूस, कोळसा व बाजारपेठ जवळ असलेल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच वर्षी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापुरास कापडगिरणी निघाली. ती पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. शेअर दलालांनीही १८७५ मध्ये आपली संघटना बांधून व्यवहारास शिस्त लावली. मुंबईचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले आणि शतकाच्या अखेरीस शहरातील गिरण्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली.

या गिरण्या बँकांच्या जोरावर चालल्या नाहीत. मुंबई आणि विशेषतः अहमदाबाद येथे सामान्य कुटुंबांच्या ठेवी हा त्यांचा मोठा आधार होता. विधवेची शिल्लक, लहान दुकानदाराची बचत, धर्मादाय निधी हे सारे शेठच्या पतीवर गिरणीत जमा होई. अहमदाबादेत अरविंद मिल उभारणारे शेठ कस्तुरभाई लालभाई पुढे आणंदजी कल्याणजी पेढीचीही धुरा वाहताना दिसतात. गिरणीची ठेव आणि तीर्थाचा निधी या दोहोंस एकच गुण लागतो, तो म्हणजे विश्वास.

गिरण्यांचे पर्वही निर्दोष नव्हते. अनेक ठिकाणी व्यवस्थापक पेढ्यांचे कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर वा विक्रीवर असे. त्यामुळे गिरणी तोट्यात गेली तरी पेढीचे भागत असे. यंत्रे जुनी होत गेली, ती बदलण्याचा पैसा अन्यत्र वळला आणि जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या पूर्ववत उभ्या राहू शकल्या नाहीत. यंत्र वेळेवर बदलले नाही तर भांडवलही झिजते आणि शेवटी केवळ जमिनीची किंमत शिल्लक राहते.

उपसंहार

लाटेवर आलेला पैसा लाटेबरोबर जातो. दोन वर्षे धीर धरून यंत्रात, विहिरीत, विद्यालयात घातलेला पैसा मात्र पिढ्यान् पिढ्या फळ देतो. परिग्रहास मर्यादा घाला, अशी आचार्यांची शिकवण आहे. १८६५ साली पेढीवर आणि १८७५ साली चोपडीवर या मर्यादेचेच विस्मरण झाले होते. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेचा निधीही पन्नास वर्षांच्या विश्वासातून साठलेला असतो. तो किती वाढला याबरोबरच तो कशात रुजला, हा प्रश्न पुढील पन्नास वर्षे प्रत्येक विश्वस्ताने दर ताळेबंदाच्या वेळी स्वतःस विचारावा, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.