माडी, नीरा आणि कायदा

१९७० पासून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसू लागली. त्यापूर्वी हा किनारा भातखाचरांचा, मिठागरांचा आणि माड-ताडांचा होता. आणि झाडाची पोय छेदून रस उतरविणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा होता.

या धंद्यात वेळेचे महत्त्व फार. झाडावरून नुकताच झरलेला रस, म्हणजे नीरा, गोड असतो; त्यातील साखर शेकडा १० हून अधिक, आणि बहुतांशी उसाच्याच साखरेच्या जातीची. मडके आतून चुन्याने माखलेले नसेल, तर काही तासांतच रस फसफसतो व त्याची माडी होते. हे काम किण्वाचे, म्हणजे यीस्टचे. उसाची साखर जशीच्या तशी आत घेणे किण्वाच्या पेशीला सहसा सोयीचे नसते. म्हणून ती इन्व्हर्टेज नावाचे विकर आपल्या पडद्याबाहेर सोडते, आणि ते साखरेची द्राक्षशर्करा व फलशर्करा अशी फोड करते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी १८६० मध्ये ते किण्वापासून वेगळे काढले होते.

गंमत अशी की, ही कमाई कमावणाराच्या हाती फारशी राहत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की फोडलेल्या साखरेपैकी सुमारे ९९ टक्के भाग भोवतालच्या द्रवात पसरून जातो. तो शेजारच्या पेशींना फुकट मिळतो, आणि माडीच्या मडक्यात आम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंनाही. त्यातच पुढे मद्यार्काचा सिरका होऊ लागतो. सकाळची चवदार माडी दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही.

जिभेला कळणारा हा भेद १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मात्र जुमानला नाही. झाडाचा रस आंबलेला असो वा न आंबलेला, त्या कायद्याच्या लेखी दोन्ही ताडीच. कर झाडावर बसे. गोड रस उतरविणारा भंडारीही अबकारीच्या कचाट्यातून सुटत नसे. महसूल खात्याची सोय झाली, परंतु किण्वाने अद्याप न केलेल्या कामाचा भार कष्टकऱ्याच्या माथी बसला, हे न्याय्य म्हणता येत नाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात नीरेची व्याख्या ताडीहून निराळी आहे. रस न आंबलेला हवा, आणि आंबणे थांबेल अशा रीतीने तयार केलेल्या भांड्यात उतरविलेला हवा. भंडाऱ्याचे चुन्याचे मडके ते हेच.