भुईगावचा दगड आणि आपला घरखर्च

काटकसर हा शब्द आपल्या वस्त्यांत दोन बाजूंनी येतो. एक बाजू उपदेशकांची. ते सांगतात, गरिबाने जपून खर्च करावा, भाजी स्वस्त झाल्यावर घ्यावी, दिवा लवकर मालवावा, अंथरूण पाहून पाय पसरावेत. अंथरूण इतके आखूड कोणी कापले, हे मात्र ते सांगत नाहीत. दुसरी बाजू आपल्या चळवळीची आहे. तिने खर्च तोडायला सांगितले ते गुलामगिरी तोडण्यासाठी. या दोन काटकसरी एकच आहेत असे समजून आपलेही काही कार्यकर्ते हल्ली भाषणे देऊ लागले आहेत, म्हणून हा विषय इतिहासाच्या अंगाने मांडावा असे वाटले.

मी वसईकडे एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी मुलांना नालासोपाऱ्याच्या स्तूपावर नेतो. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो उकरला, तोवर आसपासचे लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या जातीचा एक राजा लोकांच्या आठवणीत होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, असो. स्तूपाच्या पोटात एक दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक अशा तांब्याच्या, चांदीच्या, स्फटिकाच्या डब्या होत्या, सर्वांत आत सोन्याची, आणि त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले होते, असे भगवानलालांचे मत. हा ऐवज आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. मुले हमखास विचारतात, सर, ज्याने काही बाळगले नाही त्याच्या खापराला सोने कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यातून बौद्ध विचार दारिद्र्याची पूजा करतो असा अर्थ कोणी काढू नये. भिक्षापात्र हा भिक्षूचा नियम आहे, गृहस्थाचा नव्हे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, एक अडचणीच्या दिवसांसाठी. ज्याच्या मिळकतीचे चार भाग होऊ शकतात अशा माणसाशी हे बोलणे चालले आहे. सोपारा बंदर होते, व्यापाऱ्यांचे गाव होते. ते तिथे समजत असणार.

याच सोपाऱ्यात १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. दोन्ही तुकडे फुटके आहेत. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. तिसऱ्या लेखात अशोकाने थोडा खर्च आणि थोडा संचय चांगला म्हटले आहे. तो लेख सोपाऱ्याला सापडलेला नाही, त्यामुळे मी त्यावर रेंगाळत नाही. आपल्या जिल्ह्याला लाभलेले दोन लेखच घरखर्चाबद्दल अधिक नेमके बोलतात. आठव्यात राजा स्वतःचा खर्च बदलतो: पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा करीत, मी अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. काटकसर आधी राजवाड्यातून सुरू होते, हा क्रम आजच्या उपदेशकांनी बघण्यासारखा आहे. नववा लेख प्रजेकडे वळतो. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माला, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ अल्प आहे. खरा विधी म्हणजे दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

या लेखाबद्दल माझी एक तक्रार आहे. क्षुद्र आणि निरर्थक विधी विशेषतः स्त्रिया करतात, असे त्यात म्हटले आहे. लग्नाची बोलणी, मानपान, देणेघेणे ही पुरुषांच्या बैठकीत ठरतात, हे सम्राटाला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. दासांशी नीट वागा, असे तो सांगतो. दास मोकळे करा, असे सांगत नाही. विधी निष्फळ आहेत हे एक वाक्य, दासांशी चांगले वागा हे दुसरे वाक्य, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध काय हे दगडावर नाही. तो संबंध या भागातल्या अक्षरशत्रू आदिवासींनी दाखवून दिला, पण त्याला विसावे शतक उजाडावे लागले.

डहाणू, तलासरी, उंबरगावकडे लगीनगडी नावाची प्रथा होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढले की तो त्याचा गडी झाला. त्याच्यासोबत त्याची बायको राबली, पुढे पोरे राबली. कर्ज फिटत नसे, कारण हिशेबाची वही मालकाकडे आणि अक्षरही मालकाचेच. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वारल्यांचे लग्न ब्राह्मण पुरोहित लावीत नाही, धवलेरी ही त्यांचीच बाई लावते. म्हणजे भटाला वगळले की लग्न स्वस्त होते, हा आपला नेहमीचा हिशेब इथे पुरत नाही. खर्च देजाचा होता, भाताचा होता, ताडीचा होता; आणि मुख्य म्हणजे रोख पैसा एकाच दारात मिळत होता. कित्येक जोडपी पैसा जुळेपर्यंत विधीवाचून एकत्र संसार करीत आणि लग्न मागाहून लावीत. शहरी माणूस याला रानटीपणा म्हणत असे. मला त्यात शहाणपण दिसते: विधी पुढे ढकलला तेवढी वर्षे माणूस मोकळा राहिला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे गेलेले मोजके वारली परत आले ते बोलते होऊन. २३ मे १९४५ रोजी झरीला हजारो जमले आणि वेठ बंद, रोख मजुरीशिवाय काम नाही, असे ठरले. त्यानंतर लाल बावट्याचे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लगीनगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसे गेली. गोदावरी परुळेकरांनी हे सर्व 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ते वाचले पाहिजे. या लढ्यात कोणी वारल्यांना काटकसर शिकवली नाही. मजुरी वाढवा आणि माणूस सोडा, एवढीच मागणी होती. तरीही प्रश्न संपला नव्हता. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला, आणि १९८२ साली खुद्द वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली ती वेठबिगार आदिवासींना सोडवण्यासाठीच. विरार लोकलच्या शेवटच्या स्थानकापासून हे गडी फार लांब नव्हते.

आपल्याकडे हाच धागा फुल्यांनी दुसऱ्या टोकाने पकडला. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले, पुरोहिताशिवाय आणि डामडौलाशिवाय. बरोबर चोपन्न वर्षांनी त्याच तारखेला महाडात मनुस्मृती जाळली गेली. तारखांचा योगायोग सोडून देऊ, पण जाळलेल्या ग्रंथात आपल्या घरखर्चाचा कायदाच लिहिलेला होता. शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये. चांडाळाची भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे, वस्त्रे प्रेतावरची. जगातली सर्वांत कडक काटकसर आपल्यावर धर्माज्ञा म्हणून लादलेली होती. म्हणून महाडच्या त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते मला फार महत्त्वाचे वाटते. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या गोटपाटल्या टाका, असे ते म्हणाले, पण पैसे वाचवण्यासाठी नव्हे. अस्पृश्याची ओळख पटवणारी ती खूण होती म्हणून. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, लुगडे स्वच्छ आणि पायघोळ नेसा, मुलींना शाळेत घाला. साधेपणाचे गोडवे गाणाऱ्या त्या काळच्या राजकारणात हा सूर वेगळा होता. अंगावरचे कपडे कमी करून दरिद्री माणसाशी नाते जोडण्याची गरज ज्यांना होती त्यांनी ते खुशाल करावे. आपल्याला उलट दिशेने जायचे होते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, मुलांना ऐपत येईपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका, असे सांगितले. आणि १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध नको, पिंडदान नको, ब्राह्मणाकडून विधी नको, दारू नको, ही कलमे आहेत. त्या धर्माच्या प्रतिज्ञा आहेतच, पण संसाराच्या वहीत बसवून पाहा: प्रत्येक कलमासमोर एक खर्च कापलेला दिसेल. अशोकाचा विधींवरचा लेख भुईगावात सापडला तोही १९५६ मध्येच.

माझी आई चौथीपर्यंत शिकली. तिच्या घरखर्चात मला आजही काही कापता येणार नाही. भाताच्या पेजेत ती डाळ शिजवी, जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे. रॉकेलचा स्टो पाण्याच्या हंड्याला कधी लागला नाही, त्याला लाकडाचा भुसा. अशा बाईला बचतीवर व्याख्यान देणाऱ्याने आधी स्वतःचे वीजबिल दाखवावे. तिच्या वहीत सर्वांत मोठे कलम किराण्याचे नव्हते, भाड्याचेही नव्हते. थोरल्या भावाच्या लग्नासाठी घेतलेल्या पैशाचे व्याज सात वर्षे चालले होते. माझे पदवीचे पहिले वर्ष त्यात एकदा बुडायची वेळ आली. आईने डोरल्याचे मणी मोडले आणि फी भरली. मी घरातला पहिला पदवीधर झालो तो असा.

आज नालासोपारा-विरारच्या वस्त्यांत विहार आहेत, लग्ने त्रिशरण-पंचशीलाने लागतात. पुरोहित गेला. त्याच्या जागी हॉल, हळदीचा डीजे, बॅनर, आणि कर्ज देणारे नवे दुकान आले. लगीनगडी वाड्यावर राहायचा. आताचा गडी लोकलने चर्चगेटला जातो आणि पगार झाला की हप्ता कापून घरी येतो. कायद्याच्या भाषेत तो वेठबिगार नाही, ते मला मान्य आहे.

हे मी एका तरुण कार्यकर्त्याला म्हणालो तेव्हा तो चिडला. म्हणाला, "सर, आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढतात अशा बातम्या अजून येतात. शतकानुशतके वरात नाकारली, आता आम्ही काढतो तर तुम्ही खर्च मोजता?" त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. महाडात सोन्याचा दागिना घाला म्हणणारे बाबासाहेब त्याच्याही बाजूचे आहेत. वरात हा हक्क आहे, आणि हक्क बजावायला कधी कधी पैसा लागतो. मी म्हणालो, घोड्यावर जरूर बस, मीही वरातीत येईन. पैसे कुठून आणलेस तेवढे सांग. त्याने सांगितले, दरमहा शेकडा पाच. म्हणजे वर्षाला शेकडा साठ. लग्न मे महिन्यात आहे. त्याच्या धाकट्या बहिणीचा बारावीनंतरचा प्रवेश जूनमध्ये.