शेजाऱ्यांनी संपवलेल्या पेशी

पेशींमधल्या चुरशीचा शोध कर्करोगावर काम करणाऱ्यांनी लावलेला नाही. तो लागला माद्रिदमध्ये, फळमाशीच्या पंखात. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट, ते हेच.

या माशीचा ‘मायन्यूट’ नावाचा एक वाण आहे. रायबोसोमची प्रथिनं घडवणाऱ्या एखाद्या जनुकाची एकच प्रत शाबूत असल्यामुळे तिच्या पेशी संथपणे वाढतात. अंगावरचे केस आखूड नि बारीक राहतात, बाकी माशी वेळ घेऊन का होईना, पूर्ण आकाराची होते. १९७५ साली हिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांनी क्ष-किरणांच्या मदतीने अशा संथ पेशींचे पुंजके निरोगी पेशींच्या गर्दीत तयार केले. माशी मोठी होईपर्यंत ते नाहीसे झाले होते! आपापल्यात असत्या तर याच पेशींनी अख्खा पंख उभा केला असता. शेजारी वेगवान मिळाले, एवढाच त्यांचा दोष. आणि पंख? तो नेहमीसारखाच; आत कोण मेलं याचा पत्ता बाहेरून लागत नाही.

पुढे बरीच वर्षं हा विषय माशीवाल्यांपुरताच राहिला. २००४ साली न्यूयॉर्क आणि झ्युरिकच्या दोन गटांनी ‘मिक’ हे जनुक घेतलं. माणसाच्या अनेक कर्करोगांत ते बेफाम चालतं. ते जास्त असलेल्या पेशींनी शेजारच्या धडधाकट पेशींनाच मरायला लावलं. म्हणजे इथे बळी निरोगी पेशींचा. ‘स्क्रिबल’ जनुकाची तऱ्हा नेमकी उलटी: सगळ्याच पेशींत ते बिघडलं तर गाठ वाढते, मोजक्या पेशींत बिघडलं तर निरोगी शेजारी त्यांना संपवतात. बिघाड तोच, निकाल वस्तीवर ठरतो.

माशीचं उंदराला लागू पडतं का? २०२१ मध्ये केंब्रिजजवळच्या संशोधकांनी कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांच्या अन्ननलिका तपासल्या. तिथे उठलेल्या सूक्ष्म गाठींपैकी बहुतेक पुढे गायब झाल्या. त्यांना हुसकावणारे शेजारी काही सोवळे नव्हते, त्यांच्याही जनुकांत बदल झालेले होते. फक्त ते चुरशीत वरचढ ठरले.

माणसाचीही अशीच नोंद आहे. ‘नॉच-१’ जनुकातले बदल अन्ननलिकेच्या कर्करोगात जेवढे सापडतात, त्याहून जास्त ते उतारवयातल्या निरोगी अन्ननलिकेत आढळतात. नुसती बिघडलेली जनुकं मोजून कर्करोगाचं भाकीत करणं मला तरी अपुरं वाटतं.