'निवृत्ती' या शब्दाविषयी

ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाला आजही स्त्रियांची रीघ लागते. घटात धान्य रुजते. उत्सव सृजनाचा असतो. परंतु त्या रांगेतल्या कित्येकींचा ऋतू केव्हाच सरलेला असतो. त्यांच्या अवस्थेला आपण 'रजोनिवृत्ती' म्हणतो. 'निवृत्ती' म्हटले की वैराग्य आलेच! पाळी गेली, म्हणजे इच्छाही गेली, असा निवाडा हा शब्द परस्पर देऊन टाकतो.

शरीराचे वास्तव निराळे आहे. बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन घटले की योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, तेथील आम्लता कमी होते. समागम वेदनामय होतो, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होऊ शकतो. चरकाने वीस योनिव्यापदांमध्ये 'शुष्का' गणली आणि तिच्या लक्षणांत मूत्रावरोधही सांगितला. मात्र तिचा संबंध त्याने वयाशी जोडला नाही. आधुनिक वैद्यकाने योनी आणि मूत्रमार्ग यांच्या तक्रारींना एकच संयुक्त नाव दिले ते २०१४ साली.

उपचाराचा इतिहास हेलकाव्यांचा आहे. अ‍ॅलन आणि डॉइझी यांनी १९२३ साली बीजांडातील संप्रेरकाचा पुरावा दिला. गाभण घोडीच्या मूत्रापासून केलेले 'प्रेमारिन' १९४२ साली अमेरिकेत बाजारात आले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन यांच्या पुस्तकाने चिरतारुण्याचे आमिष दाखवले. १९७५ साली गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध उघड झाला. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली. ती चाचणी पोटात घ्यायच्या गोळ्यांची होती. तरीही तिच्यानंतर आलेला कठोर इशारा योनीत लावायच्या अल्पमात्रेच्या मलमावरही छापला गेला, जरी त्यातील फारच थोडे संप्रेरक रक्तात उतरते. तो इशारा काढण्याची घोषणा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केली नोव्हेंबर २०२५ मध्ये. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असल्यास किंवा अकारण रक्तस्राव होत असल्यास वैद्यकीय सल्ला अनिवार्यच. पण भयापोटी किती जणींनी साधा उपाय नाकारला असेल?

आपल्याकडे भयाच्याही आधी मौन येते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडला आणि त्यापायी खटले सोसले. ज्या भाषेत ते मासिक निघाले, त्याच भाषेत आजही पन्नाशीची बाई डॉक्टरांसमोर 'खाली त्रास होतो' एवढेच म्हणून थांबते. त्या 'खाली'मध्ये कोरडेपणा, वेदना आणि नवऱ्याला दिलेल्या नकाराचा अपराधभाव असे सारेच कोंबलेले असते.

औषध दुकानात मिळते. पण ते मागायला शब्द लागतात. ते घडवणे हे केवळ वैद्यांचे काम आहे, असे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी का मानावे?