माजघरातला कांदा



कांदा काढून झाला. चाळीत भरायच्या आधी निवडायला बसलो तर नेहमीसारखे तीन ढीग पडले. चांगला गोळा माल एकीकडे, गोलटी दुसरीकडे, आणि जोड-डेंगळे तिसरीकडे. पहिला ढीग चाळीत जाणार. गोलटीला बाजारात कोण विचारतं? जोडकांदा आणि डेंगळा तर चाळीत टिकतच नाही, मधे कोंब काढतो नाहीतर सडतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. आई म्हणाली, "फेकू नको रे, चकत्या करते." त्यावरून ही नोंद लिहायला बसलो, कारण हा चकत्यांचा विषय आपल्याच चाकणच्या इतिहासात एकदा मोठ्या सभेत मांडला गेलाय, आणि आपण तो विसरलोय.

शरद जोशी स्वित्झर्लंडातल्या बर्नची टपाल संघाची नोकरी सोडून आले आणि १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. शेती स्वतः करून बघितली, जमाखर्च मांडला, आणि तोटा कुठून येतो ते हिशेबात सापडलं. १९७९ ला शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० च्या मार्चमध्ये चाकणला कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला, उपोषण झालं. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचं आंदोलन पेटलं. हे सगळं आपल्या पिढीला ऐकून माहीत आहे. रस्त्यावरचं आंदोलन लक्षात राहतं.

पण पुढचं कमी जणांना माहीत असतं. १० नोव्हेंबर १९९१ ला शेगावच्या मेळाव्यात जोशींनी 'चतुरंग शेती' मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. त्यातली माजघरशेती म्हणजे काय, तर शेतातून आलेला माल जसाच्या तसा बाजारात न ओतता घरात त्याच्यावर काहीतरी करायचं. निवडायचं, वाळवायचं, दळायचं, भरडायचं. भाव पडला तर माल ठेवून घेण्याची ताकद यायला पाहिजे, ही त्यामागची गोष्ट.

शब्द नवा होता, काम जुनंच. आपल्या आज्या उन्हाळाभर दुसरं काय करत होत्या? कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, हरभऱ्याचा वाळवलेला पाला. बटाटा उकळत्या पाण्यातून जरा काढून, तुरटी फिरवलेल्या पाण्यात ठेवून, किसून पत्र्यावर टाकायचा. एका घरी लाटायला पाच घरच्या बाया. आणि नवीन माल निघाला की पहिला वानवळा शेजारी, बहिणीला, सुताराच्या घरी. वानवळ्याचा हिशेब कोणी वहीत लिहीत नव्हतं, पण कोणाकडून आला नाही हे मात्र सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहायचं!

तर चकत्या. गोलटी सोलून पातळ कापायची, जाड राहिली तर आतून ओली राहते आणि बुरशी धरते. कापडावर एकेरी पसरायची, वरून जुनं पातळ धुवट लुगडं, म्हणजे धूळ-माशी नको. एप्रिल-मेचं कडक ऊन तीन-चार दिवस. संध्याकाळी घरात घ्यायची, कारण रात्री पुन्हा ओल ओढते. मुठीत धरल्यावर कडकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून एक दिवस. कांद्यात शेकडा ८५ च्या वर पाणी असतं, त्यामुळे दहा किलोचे हातात किलो-सव्वा किलोच येतात. हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल फसवलं.

या चकत्या तेलात लालसर तळून, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, खडा मीठ आणि मिरची घालून कुटलं की वर्षाचा कांदा-लसूण मसाला. नुसती तळून पिठल्यावर चुरा, तेवढ्यावर भाकरी जाते. आणि जी गोलटी ओलीच वापरायची ती सोलून, मधे चीर देऊन, दाण्याचं कूट-काळा मसाला भरून भरली कांदी. शेतावर माणसं असली की आमच्याकडे हेच.

आपला फुरसुंगी गरवा वाळवणाच्या कारखान्याला फारसा चालत नाही, त्यांना पांढरा आणि घन पदार्थ जास्त असलेला कांदा लागतो. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाचं केंद्र १९९८ पासून आपल्या तालुक्यात आहे, तिथे भीमा श्वेता, भीमा शुभ्रा हे पांढरे वाण निघालेत. ज्याला वाळवणाचा धंदाच करायचाय त्याने आधी तिथे विचारावं. घरापुरतं असेल तर लाल कांदा उत्तम, रंग काळपट येतो एवढंच.

मग माजघरशेती का रुजली नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर खाली लिहा. एक तर ते काम बायांचं, आणि बायांच्या कामाची मजुरी आपण खर्चात धरतच नाही. जी संघटना उत्पादनखर्चावर उभी राहिली, त्यांच्याच घरात चकत्यांचा उत्पादनखर्च शून्य! दुसरं म्हणजे आपला पट्टाच बदलला. १९६२ ला एमआयडीसी आली, पिंपरी-भोसरीत कारखाने झाले, नंतर चाकणला. जमिनी गेल्या, अंगणं गेली, पोरं पाळीवर. पाच बाया एका दुपारी एकत्र बसायच्या कधी?

तिसरं, प्रमाण. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा ट्रॅक्टरभर कांद्याचं दुःख चकत्यांनी भागणार नव्हतं. ते रस्त्यावरच मांडावं लागतं. माजघर शेवटच्या चार गोण्यांसाठी. २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना सुरू झाली, त्यात एकट्याच्या उद्योगाला ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख ठरलं होतं. गटाने ड्रायर घेतला तर पावसाळ्यातही काम चालेल. पण प्रकरण करताना मजुरीचा रकाना भरा, आईचीसुद्धा.

यंदा आमच्या जोडकांद्याच्या चकत्या साडेतीन किलो झाल्या. दोन डबे भोसरीच्या बहिणीला पाठवले. तिचा फोन आला, तिच्या मजल्यावरच्या नागपूरच्या बाईने अर्धा डबा मागून नेला आणि बदल्यात मुगाच्या वड्या दिल्या. आई विचारतेय, अजून गोलटी शिल्लक आहे का.