तूर : पीकसुधारणा

तूर (शास्त्रीय नाव कॅजॅनस कॅजान, शिंबावंत कुल, गुणसूत्रे २२) या कडधान्याचे उत्पन्न वाढावे, रोगांपासून त्याचे रक्षण व्हावे, दाण्याचे पोषणमूल्य टिकावे आणि जिराईत मुलुखाच्या पीकक्रमात त्याचे स्थान दृढ व्हावे, या हेतूंनी निवड, संकर व जनुकशास्त्रीय साधने यांच्या द्वारा चालणारे संशोधनकार्य. तुरीचे मूलस्थान भारत मानतात. तिची सर्वांत निकटची वन्य जाती, कॅजॅनस कॅजॅनिफोलियस, पूर्व घाटाच्या व बस्तरच्या वनप्रदेशात आढळते.

आहार व भूमी : तुरीच्या डाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. त्यांत लायसीन हे अ‍ॅमिनो अम्ल विपुल, तर गंधकयुक्त अम्ले अल्प असतात. तृणधान्यांत याच्या उलट स्थिती असल्यामुळे भाकरी वा भात यांच्या जोडीस वरण घेण्याचा परंपरागत दस्तूर आहारशास्त्राच्या कसोटीस पुरेपूर उतरतो. तथापि हरितक्रांतीचा लाभ मुख्यत्वे गहू व तांदूळ यांस मिळाला, आणि १९५१ साली भारतात दरडोई दररोज सुमारे ६० ग्रॅम असलेली डाळींची उपलब्धता शतकाच्या अखेरीस जवळजवळ निम्म्यावर आली. जमिनीच्या दृष्टीनेही या पिकाचे महत्त्व थोर आहे. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, खोल जाणारे सोटमूळ खालच्या थरांतील ओलावा व अन्नद्रव्ये मिळविते, मुळांतून स्रवणारे पिसिडिक अम्ल लोहाशी बद्ध झालेले स्फुरद मोकळे करते आणि गळणारा पाला सेंद्रिय द्रव्याची भर घालतो. मराठवाडा व विदर्भ येथे कापूस, सोयाबीन वा ज्वारी यांच्या ओळींत तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत त्यामुळेच रूढ आहे. उरलेल्या तुराट्या सरपणास व कुडास उपयोगी पडतात.

रोगप्रतिकार : फ्युझेरियम उडम या जमिनीत राहणाऱ्या कवकामुळे होणारा मर रोग उभे पीक वाळवून टाकतो, विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथे कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी त्याचा अभ्यास केला. सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणारा, विषाणुजन्य वांझ रोग याहून फसवा; त्यात झाड हिरवे राहते, परंतु फुले-शेंगा धरीत नाही. मर रोगाचा कवक मुद्दाम वाढू दिलेल्या जमिनीत वाणांची पेरणी करून जी झाडे तगतात त्यांचीच निवड करावयाची, ही पैदासकारांची मुख्य रीत होय. महाराष्ट्रातील स्थानिक वाणातून निवडलेला मर-प्रतिकारक ‘मारुती’ १९८६ मध्ये कर्नाटकात, आणि मर व वांझ या दोन्ही रोगांस दाद न देणारा ‘आशा’ (आयसीपीएल ८७११९) १९९३ मध्ये प्रसारित झाला. हे दोन्ही वाण हैदराबादनजीक पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधनातून निपजले. तुरीच्या १३,००० हून अधिक नमुन्यांचा संग्रह तिच्या जनुकपेढीत आहे.

कालावधी : तूर ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती असून, जुने गरवे वाण पक्व होण्यास दोनशेहून अधिक दिवस घेत, सबब पावसाळा सरल्यावर, नेमके दाणे भरण्याच्या वेळी, हलक्या जमिनीतील पीक ओलाव्याअभावी मार खाई. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने या अडचणीकडे विशेष लक्ष पुरविले. तेथील रोगप्रतिकारक लाल दाण्याचा बीएसएमआर ७३६ मध्यम कालावधीचा आहे, तर पांढऱ्या दाण्याचा बीडीएन ७११ साधारणतः १५० ते १६० दिवसांत हाती येतो.

संकरित वाण : तुरीची फुले बहुधा स्वपरागित असली, तरी मधमाश्यांमुळे परपरागणही बरेच घडते. वाणाची शुद्धता राखण्याच्या कामी उपद्रवी ठरणाऱ्या या गुणाचाच उपयोग संकरित बियाण्यासाठी करण्यात आला. जनुकीय नरवंध्यत्वावर आधारलेला आयसीपीएच ८ हा वाण १९९१ मध्ये प्रसारित झाला. मात्र मादी ओळींतील निम्मी, परागक्षम झाडे फुलोऱ्याच्या वेळी ओळखून उपटावी लागत असल्याने त्याचे बियाणे महाग पडे. पुढे कॅजॅनिफोलियसच्या कोशिकाद्रव्यापासून नरवंध्य वाण मिळाला व त्यावर आधारलेला आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. तरीही विलगीकरणाचे अंतर राखणे व बियाणे दर हंगामी विकत घेणे शेतकऱ्यास जड जात असल्याने सरळ वाणांचेच क्षेत्र आजही मोठे आहे.

अलीकडील प्रगती व मर्यादा : ‘आशा’ वाणाच्या जनुकसंचाचा मसुदा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४८,६८० जनुकांचा अंदाज वर्तविला असून, इष्ट गुणांची निवड रोपावस्थेतच करण्यास त्याचे साहाय्य होते. वन्य जातींशी संकर करून अधिक प्रथिनांचे वाणही सिद्ध करण्यात आले; परंतु प्रथिने वाढवीत असता उत्पन्न व दाण्याचा आकार सांभाळणे हे पैदासकारापुढील कठीण काम ठरते. हेक्टरी उत्पन्नाच्या सरासरीत या साऱ्या खटाटोपाने फारशी भर पडलेली नसली, तरी रोगाच्या व अवर्षणाच्या सालीही काही पीक पदरात पडेल इतकी शाश्वती कोरडवाहू शेतकऱ्यास लाभली, हेच या कार्याचे मुख्य श्रेय होय. शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रतिकार कॅजॅनस स्कॅराबिऑइडिस या वन्य जातीत आढळला आहे. तो लागवडीच्या वाणात पूर्णत्वाने उतरविणे मात्र अद्याप साधलेले नाही.