जालहळ्ळीचे व्हॉल्व्ह

केंद्र सरकारने १९५४ साली बंगळुरास भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना केली आणि १९६१ पासून जालहळ्ळीस रेडिओचे व्हॉल्व्ह निर्माण होऊ लागले. पुढे ट्रान्झिस्टरने त्यांचे राज्य खालसा केले. आज जुना गिटार-ॲम्प्लिफायर दुरुस्त करावयाचा, तर आम्हांस सदर पत्रप्पा रस्त्यावरील दुकाने व मोडीत निघालेले रेडिओ धुंडाळावे लागतात. यंत्राचा नकाशा बहुधा गहाळच असतो. अशा वेळी काचेवरील अक्षरे शिलालेखाप्रमाणे वाचावीत. ‘ई.सी.सी. ८३’ यातील ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तापक, दोन ‘सी’ म्हणजे दोन ट्रायोड आणि आरंभीचा ८ म्हणजे नऊ पिनांची बैठक. ‘ई.एल. ८४’ मधला ‘एल’ शक्तिदायक पेंटोड दर्शवितो. ही संकेतलिपी मूळची युरोपातील. म्हणूनच घरगुती रेडिओतून काढलेला ई.एल. ८४ ‘व्हॉक्स’सारख्या इंग्रजी ॲम्प्लिफायरातही चपखल बसतो. कारखान्याचा इतिहास सरकारी दप्तरांत सुरक्षित राहील. परंतु कोणता व्हॉल्व्ह कोणाच्या जागी चालतो, ही विद्या वृद्ध कारागिरांच्या स्मरणातच आहे. त्यांच्या हयातीतच ती टिपून ठेवणे हे आमचे कर्तव्य होय.